पाय मोकळे करणें

'पाय मोकळे करणें' हा आपल्या भाषेंतील एक गोड वाक्प्रचार आहे. दिवसभराचें काम आटोपावें, पायांत वहाणा सरकवाव्या, नाक्यापर्यंत जाऊन यावें, वाटेंत दोनचार ओळखीचे भेटावे आणि दिवेलागणीला घरीं परतावें, एवढेंच त्याचें स्वरूप. यांत कोणतें काम होत नाहीं, कांहीं विकत घ्यावयाचें नसतें, कोठें वेळेवर पोंचावयाचें नसतें. परंतु पाय मोकळे करावयाचे म्हणजे ते आधीं बांधलेले असले पाहिजेत, हें त्या शब्दांतच गृहीत आहे. ते कोणाचे किती बांधलेले असतात, आणि चारचौघांच्या रस्त्यावर ते मोकळे करण्याची मुभा कोणास असते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांनीं विचारण्यासारखा आहे. आम्हांस तो सुचला तो मात्र ग्रंथ वाचतांना नव्हे, तर वर्गांत; आणि तोही आम्हीं विचारला नाहीं, एका विद्यार्थिनीनें विचारला.

प्रसंग साधा आहे. डोक्यावरचा पदर ढळला असतांही टाळ-वीणा घेऊन ऐन गर्दीच्या पेठेंत जाण्याचा निर्धार ज्यांत जनाबाई बोलून दाखविते, तो तिचा प्रसिद्ध अभंग आम्ही शिकवीत होतों. वर्षानुवर्षें सांगत आलों तोच अर्थ आम्हीं सांगितला: पदर म्हणजे देहभाव, बाजार म्हणजे हा संसार, आणि लोकलज्जा टाकल्यावांचून भक्ति फळास येत नाहीं. मुलें टिपून घेत होतीं. इतक्यांत मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, टाळ हातांत होता म्हणून ती गेली. नुसतीच गेली असती तर?" वर्गांत थोडी खसखस पिकली. परीक्षेच्या दृष्टीनें प्रश्न अप्रस्तुत, असें म्हणून आम्हीं पुढचा अभंग घेतला. परंतु तो प्रश्न त्या दिवसापासून आमच्या डोक्यांतून गेलेला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीला वर्गांत न दिलेलें उत्तर होय.

जनाबाई आम्हां हिंगोलीकरांस परकी नव्हे. तिचें गांव गंगाखेड शेजारच्या परभणी जिल्ह्यांतलें. १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोंपर्यंत तें व आम्ही एकाच जिल्ह्यांत होतों. ज्या नामदेवांच्या घरीं ती दासी म्हणून राहिली, त्यांचें जन्मगांव म्हणून परंपरा जी नरसी दाखविते ती तर आमच्याच जिल्ह्यांत आहे. नामदेव पुढें उत्तरेस पंजाबपर्यंत गेले; तेथील घुमान या गांवीं त्यांची स्मृति आजही जपली जाते, आणि शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत त्यांचीं ६१ पदें आहेत. या दीर्घ प्रवासाचें आपण यथोचित कौतुक करितों. जनीचा प्रवास मात्र घरापासून बाजारापर्यंतचा. पण मैलांचा हिशेब बाजूस ठेवून वाटेंत काय ओलांडावें लागलें एवढेंच पाहिलें, तर दासीचीं तीं चार पाउलें गुरूच्या पंजाबयात्रेपुढें लहान ठरत नाहींत.

हें आम्ही केवळ भावनेच्या भरांत म्हणत नाहीं. अभंगाची रचनाच तसें सांगते. त्याच्या शेवटीं जनी स्वतःला वेश्येचें नांव घेते. बाजारांत निघालेल्या बाईला लोक कोणत्या शब्दानें ओळखतात हें तिला पुरतें ठाऊक आहे, आणि लोकांनीं तो शब्द उच्चारण्यापूर्वीं ती स्वतःच तो घेऊन मोकळी होते. आपली भाषा या बाबतींत आजही फारशी बदललेली नाहीं. पुरुष गांवोगांव हिंडला तर तो 'फिरस्ता', 'भटक्या'. त्यांत थोडें कौतुकही असतें. बाई हिंडली तर ती 'भटकभवानी'. पुरुष बाजारांत बसला तर तो दुकानदार. बाई बाजारांत बसली असें म्हटलें कीं ऐकणारा मान खालीं घालतो. 'बाजारबसवी' हा शब्द आपल्या कोशांत आहे, त्याला पुल्लिंगी जोडीदार नाहीं. इंग्रजीची गतही निराळी नाहीं. 'स्ट्रीट-वॉकर' या शब्दाचा सरळ अर्थ रस्त्यानें चालणारी व्यक्ति, पण स्त्रीविषयीं तो योजला कीं अर्थ दुसराच होतो. ज्या भाषांत कालिदासाचें आणि शेक्सपिअरचें मोठेपण आम्ही मुलांना समजावून देतों, त्या भाषांनीं स्त्रीच्या साध्या चालण्याला दिलेलें हें नांव आहे.

तेव्हां आमच्या पूर्वीच्या अर्थांतील उणीव स्पष्ट आहे. उपमेय कितीही आध्यात्मिक असो, उपमान रस्त्यावरचेंच आहे. आणि उपमानांत जोर नसेल तर रूपकांत तो कोठून येणार? भर पेठेंतून पदर ढळलेल्या स्थितींत चालणें ही गोष्ट खरोखरीच भयंकर होती, म्हणून तर भक्तीचें धाडस सांगण्यास जनीनें ती निवडली. बाजार म्हणजे संसार असें म्हणून आपण तो बाजारच उठवून देतों, आणि मग अभंगांत केवळ एक गुळगुळीत उपदेश उरतो. गेल्या कांहीं दशकांत स्त्रीवादी समीक्षेनें या अभंगांतील बंडखोरी पुढें आणली, तें योग्यच झालें. परंतु आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्या समीक्षेलाही लागू पडतो. जनी बाजारांत जाते खरी, पण रिकाम्या हातानें जात नाहीं. तिच्यापाशीं टाळ आहे, वीणा आहे; तिला अडविणाराला ती सांगूं शकते कीं मी देवाकडे निघालें आहें. म्हणजे तिचें चालणेंही निमित्तावांचूनचें नाहीं. निमित्त हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे असें आमचें मत आहे.

पाश्चात्य वाङ्मयांत शहरांतून निरुद्देश भटकणाऱ्या रसिकाला मोठें स्थान आहे. बोदलेअर या फ्रेंच कवीनें १८६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका निबंधांत, गर्दींत मिसळून गर्दी पाहणाऱ्या आणि स्वतः अनोळखी राहणाऱ्या अशा माणसाचें चित्र काढलें. पुढें टीकाकारांनीं त्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. योगायोग असा कीं त्याच १८६३ सालीं गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' प्रसिद्ध झालें. मुंबईचे रस्ते, बाजार, देवळें आणि नाना जातींचे लोक यांचा तो संग्रह पायीं हिंडल्यावांचून झाला नसता. पण बोदलेअरचा रसिक आणि आपले गोविंद नारायण यांच्यांत फरक आहे. पहिला स्वतःच्या सुखासाठीं हिंडतो; दुसऱ्यानें हिंडण्याला लोकांना उपयोगी पडणाऱ्या ग्रंथाचें निमित्त दिलें. निव्वळ मौजेनें फिरणारा 'मी' मराठींत आला तो पुढें १९३० नंतरच्या दशकांत, फडके-काणेकरांच्या लघुनिबंधांतून. त्या 'मी'ची संध्याकाळ त्याच्या मालकीची असते. घरीं चूल पेटविण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. आणि रस्त्यांत त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाहीं. त्या निबंधांचा प्रसन्नपणा आम्हांस आजही आवडतो. पण तो प्रसन्नपणा कशावर उभा आहे हें त्यांतला 'मी' कधीं सांगत नाहीं.

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ हिनें मात्र तें सांगितलें आहे. १९२७ सालच्या तिच्या एका निबंधांत ती हिंवाळ्याच्या संध्याकाळीं लंडनच्या रस्त्यांतून हिंडते, आणि घराबाहेर पडतांना कारण सांगते तें एक पेन्सिल आणावयाची आहे हें. पेन्सिलीचें तें निमित्त ती विनोदानें घेते. निबंध वाचणारालाही ठाऊक असतें कीं खरी ओढ रस्त्याची आहे. परंतु लंडनसारख्या शहरांत, नामांकित आणि स्वतंत्र मिळकतीच्या बाईलाही फिरण्यासाठीं पेन्सिल लागली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. जनीचा टाळ आणि वुल्फबाईंची पेन्सिल यांत सहा शतकांचें आणि हजारों मैलांचें अंतर असलें तरी त्यांचें काम एकच.

निमित्त असलें म्हणजे वाट निर्वेध होते असेंही नाहीं. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगालमध्यें सेरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहांत आनंदीबाई जोशी यांनीं अमेरिकेस जाण्याचीं आपलीं कारणें सांगितलीं. तेव्हां त्यांना अठरावें वर्षही पुरें झालें नव्हतें. मुंबईंत शाळेस जातांना वाटेंत लोक कसे भोंवतीं जमत, ओट्यांवर बसलेले सभ्य गृहस्थ काय बोलत, खडे कसे फेकीत, आणि दुकानदार कसे थुंकत, हें त्यांनीं त्या भाषणांत निःसंकोचपणें सांगितलें आहे. विद्येहून पवित्र निमित्त कोणतें? तरी रस्त्यानें तें मानलें नाहीं. आनंदीबाईंच्या चरित्रांत आपण त्यांचा सागरप्रवास मोठ्या अक्षरांत लिहितों. पण त्यांची खरी कसोटी बोटीवर चढण्यापूर्वींच, घर ते शाळा या वाटेवर लागली होती.

रस्त्याचा हा कायदा केवळ स्त्रियांपुरता नव्हता. त्रावणकोरांतील वैकोम येथें १९२४-२५ सालीं जो सत्याग्रह झाला तो देवळांत शिरण्यासाठीं नव्हता. देवळाभोंवतालच्या रस्त्यांवरून अस्पृश्यांना चालतां यावें एवढ्याचसाठीं तो होता. आपल्याकडे महाडची नगरपालिका चवदार तळें सर्वांना खुलें असल्याचा ठराव १९२४ सालीं करून बसली होती. पण ठरावाच्या कागदावरून चालत कोणी तळ्यावर जाऊं शकत नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों माणसांसह परिषदेच्या मंडपापासून महाडच्या रस्त्यांतून तळ्यापर्यंत चालत गेले आणि तेथें त्यांनीं पाणी प्राशन केलें. त्यानंतर, हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार अशी आवई उठली आणि परिषदेस आलेल्यांना गांठून मारहाण झाली. तळ्याच्या पाण्यावरचा हक्क उच्च न्यायालयानें १९३७ सालीं मान्य केला. या इतिहासांत पाण्याची गोष्ट आपण सांगतों आणि ती सांगितलीच पाहिजे. परंतु त्या दिवशींचें चालणें हीही एक घटना होती. तहान हें माणसाचें सर्वांत मोठें निमित्त. तें सुद्धां कित्येकांच्या बाबतींत पुरेसें मानलें गेलें नाहीं.

येथवर आम्हीं ग्रंथांतील आणि इतिहासांतील रस्ते पाहिले. आतां आमच्या हिंगोलीच्या रस्त्यावर येऊं, कारण त्या विद्यार्थिनीचा प्रश्न तेथला होता. सायंकाळीं आम्ही घरांतून निघून गांधी चौकाकडे चालूं लागतों. पदपथ म्हणून जो असतो तो बहुधा गटारावरची फरशी. तिच्यावर उभ्या मोटारसायकली, हातगाडे आणि दुकानाबाहेर मांडलेला माल. दहा पाउलें टाकलीं नाहींत तोंच पहिला प्रश्न येतो, "सर, कुठं चालले?" आणखी दहा पावलांवर दुसरा, "गाडी बिघडली काय, सर?" प्राध्यापकानें पायीं चालावें याला गाडी बिघडणें एवढेंच कारण असूं शकतें, अशी लोकांची प्रामाणिक समजूत आहे. पायीं चालणें हें ज्यांना दुसरा इलाज नाहीं त्यांचें लक्षण झालें आहे. अलीकडे आम्ही 'डॉक्टरांनीं सांगितलें आहे' असें उत्तर देऊं लागलों, तेव्हां कोठें प्रश्न थांबले. जनीला देव होता, आम्हांला डॉक्टर आहे.

पण आमचा हा त्रास गमतीचा आहे. त्यामुळें आमच्या अब्रूला कांहीं होत नाहीं. मोंढ्याकडून डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या बाईला कोणी कोठें चाललीस असें विचारीत नाहीं, कारण ती पाटी हाच तिचा परवाना. रिकाम्या हातानें, एकटी, सावकाश चालणारी तरुण मुलगी मात्र आमच्या रस्त्यावर दिसत नाहीं. मुली दिसतात त्या तिघी-चौघी मिळून, दप्तर छातीशीं धरून, झपझप चालतांना. मार्च २०२३ पासून एस्टीच्या गाड्यांत स्त्रियांना निम्मे भाडें झालें, खेड्यांतून शिकावयास येणाऱ्या मुलींची त्यानें मोठी सोय झाली. परंतु बसस्थानकापासून वर्गापर्यंतची वाट शासनाच्या हातीं नाहीं. ती आपल्या सर्वांच्या डोळ्यांच्या हातीं आहे.

वर्षांतून कांहीं दिवस मात्र हें सारें पालटतें. अनंत चतुर्दशीला येथील गड्डेपीर गल्लींतील चिंतामणि गणपतीच्या नवसाच्या मोदकासाठीं शेजारच्या जिल्ह्यांतूनही लोक येतात, आणि त्या रांगांत बायका तासन्‌तास उभ्या असतात. दसऱ्याच्या महोत्सवाला आमच्या गांवीं दीडशेंहून अधिक वर्षांची परंपरा सांगितली जाते. त्या दिवसांत प्रदर्शनाच्या गर्दींत सासवा, सुना, मुली रात्रीपर्यंत हिंडतात, पाळण्यांत बसतात, आणि कोणाच्या कपाळावर आठी उमटत नाहीं. आषाढी वारीच्या दिवसांत शेगांवची पालखी सेनगांव, औंढा या वाटेनें आमच्या जिल्ह्यांतून जाते. तिच्यामागून शेंकडों कोस चालत जाणाऱ्या बाईला लोक 'कुठं चालली?' असें न विचारतां वांकून नमस्कार करितात. रस्ते तेच, पाय तेच, बायकाही त्याच; बदलतें तें निमित्त. देव पुढें चालत असेल तर कोठेंही जावें, ही सवलत आपल्या समाजानें दिली आहे, आणि ती लहान नाहीं. वारीनें कित्येक बायकांना उभ्या जन्मांत मिळालेली एकुलती मोकळी हवा दिली असेल.

तथापि या सवलतीलाही मर्यादा आहेत, आणि त्या इरावती कर्वे यांनीं 'परिपूर्ती' (१९४९) मधील 'वाटचाल' या लेखांत जितक्या सरळपणें दाखविल्या तितक्या क्वचितच कोणी दाखविल्या असतील. दिंडींत सारे एकत्र चालतात, एकच अभंग गातात, आणि जेवणाची वेळ आली कीं ब्राह्मणांची पंगत निराळी व मराठ्यांची निराळी. त्या लेखाचें मोल आम्हांस असें वाटतें कीं बाईंनीं वारीवर लिहिलें नाहीं, वारींत चालून लिहिलें. एकत्र चालण्यानें माणसें किती जवळ येतात आणि कोठें येऊन थबकतात, हें त्यांच्या पायांना कळलें होतें. तें वाक्यांत उतरलें आहे.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनीं २०११ सालीं 'व्हाय लॉयटर?' या इंग्रजी पुस्तकांत मुंबईच्या स्त्रियांविषयीं हाच मुद्दा उघडपणें मांडला. स्त्री रस्त्यावर दिसूं शकते, पण आपण कामाला निघालों आहोंत हें तिला चालण्यांतून, पोशाखांतून, हातांतल्या पिशवींतून सतत सिद्ध करावें लागतें. म्हणून केवळ सुरक्षितता मागूं नका, रेंगाळण्याचा हक्क मागा, असें त्या म्हणतात. सुरक्षितता मागितली कीं घरचे म्हणतात, मग घरींच बस. हा युक्तिवाद आम्हांस पटतो. पण एक भेद नोंदविला पाहिजे. मुंबईंतली मुलगी चार गल्ल्या ओलांडल्या कीं अनोळखी होऊं शकते. हिंगोलींत तसें नाहीं; येथें अर्ध्या दुकानदारांना तिच्या वडिलांचें नांव ठाऊक असतें. त्या ओळखींत माया आहे, हें नाकारतां येणार नाहीं. कोणी घेरी येऊन पडलें तर दहा हात पुढें येतात. 'कुठं चालली गं, माय?' असें विचारणारी म्हातारी बहुधा काळजीनेंच विचारीत असते. परंतु हीच ओळख सायंकाळीं घरीं निरोप पोंचविते. माया आणि पाळत यांचें येथें एकच तोंड आहे, आणि एकच प्रश्न तें विचारतें.

तें तोंड कोणाचें, याचा बोध आम्हांस परवां झाला. अकोला रस्त्यानें आम्ही परतत होतों. समोरून तीच विद्यार्थिनी येत होती. या वेळीं एकटी, आणि नेहमीपेक्षां सावकाश. पावसानंतरचें ऊन पडलें होतें, ती आकाशाकडे पाहत असावी. आम्हीं सवयीनें विचारलें, "कुठं चाललीस?" ती दचकली. हातांतली वही पुढें करून घाईघाईनें म्हणाली, "झेरॉक्सला, सर." आणि झपझप पुढें निघाली. झेरॉक्सचीं दुकानें उलट्या दिशेला होतीं, हें चार पाउलें गेल्यावर आमच्या लक्षांत आलें.

तिच्या प्रश्नाचें उत्तर आतां आम्हांस देतां येईल. जनी नुसतीच गेली असती तर अभंग झाला नसता; कदाचित्‌ तिचें नांवही उरलें नसतें. टाळ होता म्हणून ती गेली, हें खरें. पण तिनें टाळ हातांत घेऊनही त्याच्या आड आपलें नांव लपविलें नाहीं. जो शब्द लोक मागें बोलणार होते तो तिनें आपल्या तोंडानें उच्चारला. निमित्त घेऊन निमित्ताचें संरक्षण नाकारणें, ही त्या अभंगाची थोरवी आहे, आणि आजवर आम्हीं ती शिकविली नाहीं. पुढच्या वर्षीं तो अभंग पुन्हां शिकवूं तेव्हां बाजाराचा अर्थ प्रथम बाजार असाच सांगूं; संसार वगैरे त्यानंतर. आणि रस्त्यांत कोणी मुलगी भेटली तर तिला कोठें चाललीस हें विचारणार नाहीं. वाचकांनींही, विशेषतः ज्यांच्या घरीं मुली आहेत त्यांनीं, हा प्रयोग एक महिनाभर करून पाहावा अशी आमची विनंती आहे.